सीनिक रिममधला मराठी लग्नमंडप आणि ग्रास ट्रीची पात : एक प्रकरण अभ्यास

मागणी काय होती

हे प्रकरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनच्या दक्षिणेला असलेल्या सीनिक रिम भागातल्या एका गुरांच्या फार्मवर झालेल्या मराठी लग्नाच्या सजावटीचे आहे. वधूचे कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि बऱ्याच वर्षांपासून ब्रिस्बेनमध्ये स्थायिक झालेले. वर तिथल्याच पशुपालक घराण्यातला, आणि फार्म त्याच्या काकांचा. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, नोव्हेंबरअखेरचा, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावरचा होता. सजावटीचे काम मी मोबदला घेऊन स्वीकारले होते, आणि या तपशिलाला पुढे महत्त्व आले, म्हणून तो आरंभीच नोंदवते.

मंडपाच्या तोंडाशी केळीचे खांब असावेत ही वधूच्या आईची पहिली इच्छा होती. क्वीन्सलंडमध्ये ती सहजी पुरवता येत नाही, कारण केळीच्या बंची टॉप विषाणूसारख्या रोगांचा फैलाव रोखण्यासाठी केळीचे झाड एका जागेहून दुसरीकडे नेण्यावर तिथे निर्बंध आहेत. केळी नाहीत म्हटल्यावर वराकडच्या मंडळींनी एक पर्याय सुचवला, आणि तो दोन्ही घरांना एकदम पसंत पडला. फार्मच्या मागच्या टेकडीच्या खडकाळ धारेवर ग्रास ट्रीची जुनी झाडे होती. त्यातली दोन पुरुषभर उंचीची झाडे काढून मोठ्या कुंड्यांत बसवावीत आणि केळीच्या खांबांच्या जागी उभी करावीत, त्यांच्या फुलांचे भाल्यासारखे सरळ दांडे कापून मंडपाच्या चारही खांबांना बांधावेत, आणि लांब पातींची झालर सगळीकडे सोडावी, अशी तिपेडी मागणी माझ्यापुढे आली. वराच्या घरचे झाड आणि वधूच्या घरचा मंडप, असा तो मेळ होता, आणि त्यामागची भावना खरी होती, यात मला शंका नाही.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी नाकारल्या, तिसरी स्वीकारली, आणि संपूर्ण मंडप त्या एकाच गोष्टीवर, म्हणजे पातीवर, उभा केला. असे का केले आणि ते कसे जमले, हे पुढे सविस्तर मांडते.

झाडाचा स्वभाव

ग्रास ट्री म्हणजे झॅन्थोरिया या प्रजातीतली झाडे. तिच्या ३०च्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या निसर्गतः फक्त ऑस्ट्रेलियात सापडतात. आग्नेय क्वीन्सलंडमध्ये जी जात सर्रास दिसते ती झॅन्थोरिया जॉन्सोनी; ब्रिस्बेन शहराच्या आत असलेल्या टूही फॉरेस्टमध्येही ती भरपूर आहे. शहराच्या उत्तरेकडच्या डाकाबिन या उपनगराला त्याचे नाव याच झाडाच्या तिथल्या आदिवासी भाषेतील नावावरून मिळालेले आहे.

काळपट खोड, त्याच्या टोकावर चहूबाजूंना फुटलेला हिरव्या पातींचा प्रचंड झुबका, आणि खाली लोंबणारी वाळल्या पातींची झालर, असे त्याचे रूप असते. खोड म्हणून जे दिसते ते लाकूड नव्हे. आत तंतुमय गाभा असतो आणि त्याभोवती वर्षानुवर्षे झडत गेलेल्या पातींचे बुडखे राळेने एकमेकांना चिकटून त्यांची जाड भिंत तयार झालेली असते. वणवा आला की झालर भडकून जळून जाते, पण वाढीचा कोंब या बुडख्यांच्या आत खोलवर सुरक्षित राहतो आणि काही आठवड्यांत काळ्या ठिक्कर पडलेल्या खोडावर नवी हिरवी पात दिसू लागते. वणव्यानंतर पुष्कळ झाडे एकाच वेळी फुलोऱ्यावर येतात. पातींच्या मधून सरळसोट दांडा निघतो, आणि त्याच्या वरच्या भागावर दाटीवाटीने बसलेली बारीक मलईरंगी फुले उमलतात. दक्षिण गोलार्धात उन्हाची बाजू उत्तरेची, त्यामुळे दांड्याच्या उत्तरेकडची फुले आधी उमललेली दिसतात. फार्मवरच्या झाडांचा फुलांचा भर आम्ही पाहायला गेलो तेव्हा ओसरत आला होता, तरीही मधमाश्यांचा गुंजारव दुरूनच ऐकू येत होता.

सजावटकाराच्या दृष्टीने या झाडाविषयीची सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे त्याचा वेग. टूही फॉरेस्टमधल्या जॉन्सोनी जातीच्या झाडांवरचा एक अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात खोडाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर आढळली. इतर जातींत ती थोडी कमीजास्त असते, पण वर्षाला १ ते २ सेंटिमीटर हा अंदाज बागकाम करणारे सगळेच धरून चालतात. बी रुजल्यावर जमिनीवर खोड दिसू लागायलाच कित्येक वर्षे लागतात. पुरुषभर उंचीचे खोड शंभर वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून बरेच जुने असू शकते, आणि काही झाडांचे वय कित्येक शतकांचे मानले जाते. म्हणजे वराकडच्यांनी दाखवलेली दोन झाडे त्यांच्या घराण्याने ती जमीन घेतली त्याच्या आधीपासून तिथे उभी असणार. याच झाडाची पात मात्र वरच्या कोंबातून सतत नवी येत राहते. एकाच वनस्पतीचे एक अंग शतकाच्या मापाने वाढते आणि दुसरे ऋतूच्या मापाने. तेव्हा एका दिवसाच्या शोभेसाठी कोणत्या अंगाला हात लावायचा, हे ठरवणे मला अवघड गेले नाही. ते घरच्यांना पटवणे हे खरे काम होते.

खोड आणि दांडा का नाकारले

"ताई, झाडं आपल्याच शेतातली आहेत ना, मग विचारायचं कुणाला?" हा वधूच्या आईचा प्रश्न रास्त होता, आणि त्याची दोन उत्तरे होती. एक कायद्याचे. क्वीन्सलंडमध्ये देशी वनस्पतींना १९९२ च्या निसर्गसंवर्धन कायद्याचे संरक्षण आहे, आणि ग्रास ट्री ज्या गटात येते त्यातली झाडे रानातून काढून व्यवहारात आणायची तर परवाना लागतो. बांधकामासाठी मोकळ्या केल्या जाणाऱ्या जमिनीवरून वाचवून आणलेली झाडे रोपवाटिकांत मिळतात त्यांच्यावरही सरकारी टॅग असतो. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्यांचेही आपापले नियम आहेत, आणि परदेशी पाठवायची पात असेल तर केंद्राचा १९९९ चा पर्यावरण कायदाही लागू होतो. घरच्या माणसाने घरच्या बागेत काय करावे हा वेगळा प्रश्न झाला. पण मी पैसे घेऊन सजावट करणार, म्हणजे माझ्या हातून होणारा वापर हा व्यवसायच ठरणार होता.

दुसरे उत्तर झाडाचे होते, आणि घरच्यांना ते अधिक भिडले. ग्रास ट्री उपटून लावणे अतिशय बेभरवशाचे असते. मुळे तुटलेले झाड लगेच कोमेजत नाही, पाती वर्ष-दोन वर्षेसुद्धा हिरव्या राहू शकतात, आणि आतून ते केव्हाच मेलेले असते. लग्न झाल्यावर झाडे परत धारेवर लावू, असे वराचे काका म्हणाले, तेव्हा त्यांनीच पूर्वी घराजवळ आणून लावलेल्या एका झाडाची त्यांना आठवण झाली. ते झाड असेच दुसऱ्या वर्षी अचानक पिवळे पडून गेले होते. त्यानंतर खोडाचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला.

फुलांच्या दांड्याविषयी मात्र बरीच चर्चा झाली, कारण दांडा कापल्याने झाड मरत नाही आणि वाळलेले दांडे तर झाडावर नुसतेच उभे असतात, मग ते घेण्यात गैर काय, असा सूर होता. ताजा दांडा हा मधमाश्या, मुंग्या, फुलपाखरे आणि मध खाणारे पक्षी यांचे अन्नछत्र असतो, हे तर धारेवर दिसतच होते. वाळलेल्या दांड्याची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. त्याच्या भुसभुशीत गाभ्यात काही सुतारमाश्या बीळ कोरून अंडी घालतात. साउथ ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर आढळणारी हिरवी सुतारमाशी तर घरट्यासाठी प्रामुख्याने अशा वाळल्या दांड्यांवर आणि बँक्सिया या तिथल्याच देशी झाडाच्या मऊ मृत लाकडावर अवलंबून असते. ती मुख्य भूमीवरच्या साउथ ऑस्ट्रेलियातून आणि व्हिक्टोरियातून केव्हाच नाहीशी झाली आहे, आणि बेटावर वणव्यांनंतर तिच्यासाठी संशोधकांना कृत्रिम घरटी तयार करून ठेवावी लागली आहेत. क्वीन्सलंडमध्ये ती माशी नसली तरी तिच्याच जवळच्या नात्यातली दुसरी आहे आणि तिलाही असे दांडे लागतात. त्यामुळे रानात निरुपयोगी उभा दिसणारा वाळका दांडा कुणाचे तरी घर असण्याची शक्यता मोठी असते. माझ्या व्यवसायात वाळलेल्या दांड्यांना मागणी आहे, ते उंच रचनांत फार उठून दिसतात, आणि तरीही मी ते वापरत नाही.

या चर्चेतून एक चांगला तोडगा निघाला. झाड मंडपाकडे आणण्याऐवजी मंडप झाडाकडे न्यायचा ठरला. धारेच्या पायथ्याशी सपाट जागा होती आणि तिथून चार-पाच ग्रास ट्री सरळ पाठीमागे दिसत होत्या. मधमाश्यांची वर्दळ लक्षात घेऊन पाहुण्यांच्या खुर्च्या पुरेशा अंतरावर ठेवल्या. झाडांच्या मुळांभोवती कुणी गाडी नेऊ नये म्हणून दोर बांधला, आणि सामान वाहणाऱ्या प्रत्येकाला बूट घासून, स्वच्छ करूनच तिकडे जायला सांगितले. हा सोवळ्याचा प्रकार नव्हता. फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा जमिनीतला रोगकारक जीव मातीबरोबर, चिखलाच्या बुटांबरोबर पसरतो, झाडांची मुळे कुजवतो, आणि ग्रास ट्री त्याला पटकन बळी पडते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात त्याने रानेच्या राने पोखरली आहेत.

पातीचा पुरवठा

ग्रास ट्रीची पात ही जगभरच्या फुलबाजारांत स्टील ग्रास या नावाने विकली जाते. जपान, युरोप आणि अमेरिका इथे ती ऑस्ट्रेलियातून जाते, आणि लांब, सरळ, गडद हिरवी रेषा हवी असलेल्या रचनांत तिला तोड नाही. दिसायला बरीचशी अशीच असणारी मेक्सिकोच्या डॅसिलिरियनची पातही बाजारात आढळते, म्हणून खरेदीच्या वेळी नेमके काय मिळते आहे हे विचारून घ्यावे लागते.

फार्मवरच्या झाडांची पात आम्ही घेतली नाही. परवानाधारक तोडणाऱ्याकडून आलेली, सोबत नोंद असलेली पात घ्यायची असे ठरले, आणि एका पुरवठादाराने आश्चर्य वाटावे इतक्या कमी दरात जुड्या पाठवल्या. जुडी सोडताच दराचे कारण कळले. पातींच्या बुडाशी रुंद, पांढरट, चिकट भाग होता, म्हणजे त्या सिकेटरने, छाटणीच्या कात्रीने, कापलेल्या नसून कोंबातून ओढून काढलेल्या होत्या. नीट तोडणी करणारा माणूस बाहेरच्या, पूर्ण वाढलेल्या पाती बुडाच्या वर कापतो आणि मधल्या कोवळ्या कोंबाला हात लावत नाही. ओढून काढण्यात वेळ वाचतो, पात थोडी लांब मिळते, आणि झाडाला इजा होते. परवान्याची नोंदही त्या मालाबरोबर नव्हती. तो माल परत पाठवला आणि दुसरीकडून जवळपास दुप्पट दराने, कापीव पातीच्या जुड्या मागवल्या. हा फरक घरच्यांना दोन्ही पाती शेजारी ठेवून दाखवला, त्यामुळे वाढीव खर्चावरून वाद झाला नाही.

पात घेतली म्हणजे झाडाला काहीच झळ लागत नाही, असेही समजू नये. दलदलीत वाढणाऱ्या झॅन्थोरिया फुल्वा या जातीवरच्या प्रयोगात वणव्याप्रमाणेच नुसती पाने छाटल्यानेही झाड फुलोऱ्यावर येते असे दिसले आहे. फुलोरा म्हणजे साठवलेल्या अन्नाचा मोठा खर्च. एकाच झाडाचा झुबका वारंवार बोडका केला तर त्याची किंमत झाड चुकवत राहते. म्हणून मी पातींची संख्या आधी रचना काढून मोजून घेते आणि तेवढीच मागवते. फुलबाजारात आपल्याला ढिगाने घेऊन निवडून टाकण्याची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

पातीशी काम

जॉन्सोनीची पात जवळपास मीटरभर लांब आणि दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. तिचा छेद चौकोनी, जरासा तिरपा असतो, त्यामुळे चिमटीत धरून फिरवली की चार कडा बोटांना स्पष्ट लागतात. बुडाकडून टोकाकडे ती एकसारखी निमुळती होत जाते आणि टोक सुईसारखे असते. उभी धरली तर ताठ राहते, आडवी धरली तर स्वतःच्या वजनाने फार सुंदर कमान घेते, आणि एकदम दुमडली तर तडकते. या तीन गुणांवर सगळे काम चालते.

माल आल्यावर बुडाकडचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग नव्याने कापून जुड्या सावलीत पाण्यात उभ्या केल्या. पातीवर मेणचट थर असल्याने ती पाण्याबाहेरही बराच काळ तग धरते, आणि पाण्यात असेल तर दोन आठवडे सहज टिकते. नोव्हेंबरच्या उन्हात, पाणी देण्याची सोय नसलेल्या उघड्या मंडपासाठी यापेक्षा चांगली हिरवाई मला ठाऊक नाही.

वधूची आजी रत्नागिरीहून लग्नासाठी आली होती. जुड्या पाहून तिने एक पात उपसली, दोन्ही हातांच्या बोटांतून दोनतीनदा सरसर ओढली आणि म्हणाली, "अगो, हे तर नारळाचे हीर! ओले असताना सांगशील तसे वळतात, वाळले की ऐकत नाहीत." मग तिने पात बोटांमध्ये हलकेच मळत मळत तिचे वेटोळे केले, टोक बुडाखालून घेऊन आवळले, आणि तार किंवा टेप न लावता सुटणार नाही अशी गाठ माझ्या हातात दिली. माझ्याकडे तोवर प्रत्येक वेटोळ्याला बारीक तार लावण्याची पद्धत होती. हिरांचे खराटे बांधण्यात आणि झाप विणण्यात तरुणपण गेलेल्या त्या बाईंनी दाखवलेली ही गाठ पूर्ण मंडपात वापरली, आणि तारेचा वापर निम्म्याहून कमी झाला. तार कमी म्हणजे नंतर सगळे उकलणे सोपे, हा फायदा उरकण्याच्या वेळी कळला.

केळीच्या खांबांच्या जागी काय, हा मूळ प्रश्न असा सोडवला. मंडपाचे चार लोखंडी पाइप सुतळीने खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळले. प्रत्येकाच्या माथ्यावर पातींचे जाड जुडगे बुडाशी आवळून बसवले आणि पाती चहूबाजूंना मोकळ्या सोडल्या, तेव्हा त्या आपोआप बाहेर झुकल्या. पाठीमागच्या धारेवर खऱ्या ग्रास ट्री, आणि पुढे त्यांच्याच पातींचे माथे असलेले चार खांब; कुंडीतली दोन झाडे आणली असती तर याहून काही अधिक साधले असते असे मला वाटत नाही. खांबांच्या मध्ये आंब्याच्या पानांचे तोरण आणि झेंडूच्या माळा सोडल्या. ब्रिस्बेनच्या परसांत आंब्याची झाडे पुष्कळ, त्यामुळे डहाळ्या ओळखीच्यांकडूनच मिळाल्या. झेंडूचा भगवा-पिवळा रंग आणि पातीचा निळसर झाक असलेला हिरवा यांचे जमते. मात्र झेंडूचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच कमी ठेवावे लागते, नाहीतर रेषा झाकली जाते. आपल्याकडे सजावट म्हणजे भरगच्च, अशी समजूत फार घट्ट आहे. पातीचे सौंदर्य तिच्या मधल्या मोकळ्या जागेत असते, आणि ती जागा राखणे हे या कामातले सर्वांत कठीण होते, कारण येणारा प्रत्येक नातेवाईक "इथे जरा रिकामं वाटतंय" म्हणत फुले खोचायला पुढे होत होता.

मंडपाच्या मागच्या बाजूला पडदा न लावता जाळी केली. लाकडी चौकटीवर पाती उभ्या आणि आडव्या, एक वरून एक खालून अशा विणल्या, आणि जिथे दोन पाती एकमेकींना छेदतात त्यातल्या निवडक जागीच गाठ मारली. उभ्या पातींवर पांढऱ्या बटण शेवंतीची फुले ओवली. पात टोकाला सुईसारखी असल्याने फुलाच्या मधोमध दाभणाने छिद्र पाडले की फूल तिच्यावर सरकते, आणि पात बुडाकडे रुंद होत जात असल्याने जिथे अडकते तिथेच थांबते. दोऱ्याची, गोंदाची गरज राहत नाही. ठरावीक अंतरांवर फुले थांबवायची तर छिद्र लहानमोठे करून ते साधता येते. हे काम वधूच्या मैत्रिणींनी आणि वराच्या बहिणींनी एकत्र बसून केले. त्यांच्यात सामाईक भाषा इंग्रजीच होती, पण ओवण्याची शिस्त आजींनी मराठीतूनच लावली आणि ती सगळ्यांना समजली.

जेवणाच्या टेबलांवर काचेचे पसरट बाऊल होते. फुले उभी राहण्यासाठी बाजारातला हिरवा स्पंज घातला असता तर काम झटपट झाले असते, परंतु तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे, त्याचा चुरा पाण्यातून जमिनीत जातो आणि गुरांच्या फार्मवर तो मला नको होता. त्याऐवजी सात-आठ पातींची वेटोळी करून बाऊलच्या आत सैल सोडली. ती स्वतःच्या ताणाने काचेला टेकून बसली आणि त्यांच्या फटींत वॅक्सफ्लॉवरच्या व शेवंतीच्या डहाळ्या पक्क्या उभ्या राहिल्या. वॅक्सफ्लॉवर हे मूळचे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे फूल, त्याचा हंगाम संपत आला होता, पण शेवटचा माल चांगला मिळाला.

हार आणि मुंडावळ्यांत पात घालायची नाही, यावर मी ठाम राहिले. वराच्या बहिणीने परदेशी मासिकांत पातींच्या टोकदार शलाका असलेले गुच्छ पाहिले होते आणि वरमाला तशी असावी असे तिला वाटत होते. माळ घालताना डोळ्यांजवळून सुईसारखे टोक जाणार, त्यात दोघांना खांद्यावर उचलून घेणारे मित्र असणार. हा धोका शोभेसाठी पत्करण्यासारखा नव्हता. वधूच्या अंबाड्यासाठी मात्र तीन पातींची चपटी वेणी घालून, टोके आत वळवून, तिच्यावर मोगऱ्याचा गजरा बांधला. खुर्च्यांच्या रांगेलगतच्या रचनांतही मुलांच्या उंचीवर येणारे प्रत्येक टोक आत वळवले किंवा छाटले.

होम

ग्रास ट्रीत राळ असते. दक्षिणेकडे कांगारू आयलंडवर ती एके काळी खोडांतून गोळा करून वार्निशसाठी निर्यात होत असे, आणि तिच्यापासून स्फोटकांत लागणारे पिक्रिक आम्लही बनवता येते. आदिवासी समाज ती तापवून दगडी हत्यारे दांड्याला चिकटवण्यासाठी वापरत आले आहेत. वाळलेल्या पातींची झालर वणव्यात कशी पेटते हे ज्याने पाहिले आहे तो ही पात होमाजवळ ठेवणार नाही. कापलेली ओली पात एवढी ज्वालाग्राही नसते. तरी दिवसभर उन्हात तापलेली, वाऱ्यावर हलणारी झालर आणि लाजाहोमाच्या वेळी उसळणारी तुपाची ज्वाळा एकाच छताखाली असता कामा नयेत.

त्यामुळे मंडपाच्या आतल्या बाजूने पातींची झालर सोडायची मूळ कल्पना रद्द केली. जाळी होमकुंडापासून लांब, मागे घेतली. वरचे छत पूर्ण मोकळे ठेवले, आणि खांबांच्या माथ्यावरच्या पाती बाहेरच्या बाजूलाच झुकतील असे जुडगे तिरपे बांधले. होमकुंड वाळू भरलेल्या लोखंडी परातीवर ठेवले, आणि शेजारी अग्निशामक नळकांडे व पाण्याच्या बादल्या होत्या. गुरुजींना ही मांडणी आदल्या दिवशी दाखवली, तेव्हा सप्तपदीसाठी तांदळाच्या राशी कुठे मांडायच्या हे त्यांनी त्याप्रमाणे बदलून घेतले. सजावटकार आणि गुरुजी यांचे बोलणे लग्नाच्या दिवशी नव्हे, आधीच व्हायला हवे, असे मला या कामात प्रकर्षाने वाटले.

लग्नाचा दिवस आणि नंतर

सकाळपासून ऊन कडक होते आणि दुपारनंतर त्या मोसमातले नेहमीचे वादळी ढग आले. आंब्याची पाने दुपारपर्यंत कडांनी वळली, झेंडू बरा राहिला, टेबलांवरच्या फुलांतली काही कोमेजली. पातीवर उन्हाचा काही परिणाम दिसला नाही. जेवणे चालू असताना जोराचा वारा सुटला तेव्हा खांबांवरचे माथे पूर्ण वाकून पुन्हा उभे राहिले आणि जाळीतली एकही गाठ सुटली नाही. चौकटीला मात्र आधाराचे दोन जादा दोर बांधावे लागले.

आवराआवरीच्या वेळी सर्वांत जास्त काळजी उरलेल्या पातीची घेतली. पाहुण्यांना वाटते की फुले-पाने ही मातीतच जाणारी वस्तू, कुंपणापलीकडे टाकली की झाले. परंतु ग्रास ट्री गुरांना बाधते. क्वीन्सलंडमधल्या पशुपालकांना ही विषबाधा चांगली ठाऊक आहे: पात किंवा कोवळा दांडा खाल्लेले जनावर तोल जाऊन बाजूला कोसळते आणि त्याचा लघवीवरचा ताबा सुटतो. वराच्या काकांनी हे मला कामाच्या आरंभीच सांगितले होते. म्हणून छाटलेली टोके, बुडे आणि तुकडे टाकण्यासाठी झाकणाची वेगळी पिंपे ठेवली होती, आणि शेवटी दोघांनी मंडपाच्या जागेवरून वाकून चालत गवतातले तुकडे वेचले. त्यानंतरच गुरे त्या कुरणात परत सोडण्यात आली.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर साहित्यापेक्षा मजुरी जास्त झाली, आणि पातीच्या कामात हे गृहीतच धरावे. हाताने विणायचे, ओवायचे, वळायचे काम घरच्या मंडळींनी केले नसते तर हा मंडप त्यांच्या ऐपतीबाहेर गेला असता. नव्याने असे काम घेणाऱ्यांनी पातीच्या भावावरून अंदाजपत्रक करू नये. हातांच्या तासांवरून करावे.

जाळी लग्नानंतरही शाबूत होती, तेव्हा वधूच्या आईने ती पुढच्या गणपतीत मखरासाठी ठेवून द्यायची इच्छा व्यक्त केली. पात वाळताना हिरवेपणा सोडून गवती रंगावर येते आणि आकार बराचसा टिकवते, त्यामुळे ती ठेवण्यात अडचण नव्हती. पण वाळलेली पात, समई, निरांजन आणि विजेच्या माळा हे एकत्र आणायला मी स्पष्ट नकार दिला. शेवटी त्यातली शेवंती काढून टाकली, चौकट कापून लहान केली, आणि ती त्यांच्या दिवाणखान्यात देवघराच्या समोरच्या भिंतीवर, दिव्यापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर, टांगली आहे. मखरासाठी सुपारीच्या विरींचे काम करून देण्याचे मी त्यांना सांगितले आहे.